मधलं घट्ट, मागचं सैल

डिसेंबरातला रविवार, सकाळची वेळ. नवीन पनवेलच्या कडेला इमारती संपून सिडकोचे मोकळे भूखंड सुरू होतात, तिथल्या एका मुरमाच्या मैदानावर गॅरेजवाला दादा उकिडवा बसून जमीन चाचपतोय. रात्रभर दव पडलंय. वरचा थर ओलसर आणि घट्ट आहे, पण बोटाने जरा उकरलं की खाली कोरडी भुकटी लागते. "दहापर्यंत धरेल, मग सुटणार," दादा हात झटकत म्हणतो आणि उठतो.

मैदानाच्या अर्ध्या भागात क्रिकेटवाल्या पोरांनी स्टंप ठोकायला घेतलेत. उरलेल्या अर्ध्यात ड्रेनेजच्या जुन्या लवचीक नळ्या वळवून ट्रॅक आखलाय. एक लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला अर्ध्या वर्तुळाचं वळण, मग मातीचे उंचवटे, एक उडी आणि परतताना एक अरुंद डावं वळण. बसायला कुणा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरलाय. साहेबांच्या जोडलेल्या हातांवर पाने, स्क्रू ड्रायव्हर, टिश्यू पेपर आणि सिलिकॉन तेलाच्या छोट्या बाटल्यांची रांग लागते. बाटल्यांवर आकडे आहेत: ३०००, ५०००, ७०००, १००००. एकीवर ५ लाख. ती कुणी उघडत नाही, पण सगळे एकदा उचलून तिरपी करून बघतात. आतला बुडबुडा जागचा हलायलाच तयार नसतो.

हे आकडे चिकटाईचे, म्हणजे सेंटीस्टोकचे. पाण्याची चिकटाई साधारण १ सेंटीस्टोक. त्यावरून दहा हजाराच्या बाटलीत काय असेल याचा अंदाज यावा. काकवी ओतताना जशी जाड धार लवकर तुटत नाही, तसंच हे तेल. इंजिनात टाकायच्या तेलाशी त्याचा संबंध नाही. हे जातं डिफरन्शियलच्या डबीत, आणि आजच्या सकाळचं सगळं भांडण या डबीचंच आहे.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा पोरगा आपली रिमोटवरची बग्गी फ्लेक्सवर ठेवतो. एक अष्टमांश मापाची, विजेवर चालणारी, साडेतीन किलोच्या आसपास वजनाची, सेकंडहँड घेतलेली. चारही चाकांना ताकद, म्हणून पोटात तीन डिफ: एक पुढच्या दोन चाकांमध्ये, एक मागच्या दोन चाकांमध्ये आणि तिसरं मध्ये, जे मोटरची ताकद पुढच्या-मागच्या आक्सलमध्ये वाटून देतं. बॅटरी जोडण्याआधी दादा गाडी उचलतो, मधला मोठा गिअर अंगठ्याने दाबून धरतो आणि पुढच्या आक्सलचीही हालचाल बंद करून मागचं डावं चाक हाताने पुढे फिरवतो. उजवं चाक आपोआप उलटं फिरतं. क्रिकेटच्या टीममधून फुटून आलेलं एक पोर "आयला!" म्हणून खालीच बसतं.

"ह्याच्यातच सगळं आलं," दादा त्याला सांगतो. "सरळ जाताना आतले गिअर आपल्या जागी गप्प असतात, डबी सगळ्यांना घेऊन एकत्र फिरते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळायचं असतं. ते जितकं वाढतं, तितकं आतलं चाक कमी होतं. जमाखर्च बरोबर."

पोरगा मोबाइल काढून हिशोबच करतो. त्याच्या बग्गीच्या दोन चाकांमध्ये सुमारे २६ सेंटीमीटर अंतर. अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा ८० सेंटीमीटरहून जास्त धावावं लागतं. वळण लहान घ्या नाहीतर मोठं घ्या, हा फरक तेवढाच राहतो. तो फक्त चाकांमधल्या अंतरावर ठरतो. दादा लगेच आपल्या धंद्यावर येतो. कळंबोलीला ट्रकचं काम करण्यात त्याची उमेदीची वर्षं गेलीत. "मग ट्रकला किती?" पोरगा आकडा घालतो. यू-टर्नला सुमारे ६ मीटर. "आणि त्याला डिफच नसतं तर? सहा मीटर रबर रस्त्याला घासलं असतं. नाहीतर आक्सल गेला असता."

फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकेर नावाच्या घड्याळजीने १८२७-२८च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी हा तोडगा काढला. तेव्हा पेट्रोलची गाडी जन्मायची होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या मागच्या आक्सलमध्ये आजही तोच जमाखर्च चालू आहे, आणि फ्लेक्सवरच्या या मुठीएवढ्या डबीतही. फरक एवढाच, की ट्रकवाला एकदा गिअर ऑइल भरून मोकळा होतो. ही मंडळी डबीत मुद्दाम घट्ट तेल भरून तो जमाखर्च कुठे, किती अडवायचा हे ठरवत बसतात.

"आत्ता काय टाकलंय?" दादा विचारतो.

"सात-पाच-पाच."

म्हणजे पुढे सात हजार, मध्ये पाच, मागे पाच. इथे कुणी हजार म्हणत नाही.

पोरगा बॅटरी जोडतो. चार सेलची, १४.८ व्होल्टची. मोटर बारीक सुरात किणकिणते. बग्गी नळ्यांमधून निघते आणि सरळ पट्ट्यावर तो रिमोटचा ट्रिगर पूर्ण ओढतो. गाडी पळते, पण दादाचं लक्ष गाडीकडे नाही, पुढच्या टायरांकडे आहे. ती फुगून उंच आणि अरुंद झालीत, आवाज भुंग्यासारखा चढलाय आणि जमिनीवर त्यांची खूण जवळजवळ उमटतच नाही.

"बघ, सगळी ताकद पुढून पळून चाललीय. ट्रिगर ओढलास की वजन मागे बसतं, पुढची चाकं हलकी होतात. आणि डिफला अक्कल नसते, त्याला जिकडे विरोध कमी, तिकडे ते सोडतं. मधलं पाचवर म्हणजे फार सैल. दहा कर."

"पुढचं पण करू का?"

"एका वेळी एकच. दोन बदललीस तर फरक कशाने पडला ते आयुष्यात कळणार नाही."

मधलं डिफ काढायला फारसं काही लागत नाही. वरच्या पट्टीचे स्क्रू सुटतात, डबी हातात येते. तिचे चार स्क्रू काढून झाकण उघडलं की आत चकाकणारे गिअर: दोन मोठे, दोन्ही बाजूंच्या दांड्यांचे, आणि आडव्या पिनांवर बसलेले चार छोटे. जुनं तेल राखाडी झालंय, कारण गिअरची बारीक झीज त्यात मिसळलीय. पोरगा टिश्यूने एकेक दात पुसतो. दादा रबरी रिंग नखाने दाबून बघतो, शिम जागेवर आहेत का ते तपासतो, आणि मग दहा हजाराची बाटली उलटी धरून वाट बघतो.

तेल सावकाश, एकाच धारेने उतरतं. आडव्या पिना जेमतेम बुडतील इतकं झालं की तो थांबतो. आत हवा अडकलेली असते. तो दांडी धरून गिअर हळूहळू फिरवतो, बुडबुडे वर येतात, एक फुटतो, मागून दुसरा. सगळे निघेपर्यंत हातात दुसरं काम घेतलं तरच धीर टिकतो. मग गॅस्केट, झाकण, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत. शेवटी खिशातून सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा निघतो. डबीचं वजन पोरगा वहीत लिहितो. पुढच्या वेळी तेवढंच भरलं की तेल कमीजास्त झाल्याची शंका नको. तेल काठोकाठ भरलं तर गरम होऊन फुगतं आणि रबरी रिंगेतून बाहेर येतं. कमी पडलं तर दहाचा गुण दहासारखा राहत नाही.

बुडबुडे निघेपर्यंत ट्रॅक बँकेतून निवृत्त झालेल्या काकांच्या ताब्यात आहे. त्यांची बग्गी एक दशांश मापाची, ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. तिच्यात तेलाची भानगडच नाही. तिचं डिफ गोळ्यांचं: मोठ्या गिअरच्या भोकांमध्ये बसवलेल्या टंगस्टन कार्बाइडच्या बारीक गोळ्या, दोन्ही बाजूंना गुळगुळीत पोलादी चकत्या आणि सगळ्यांना एकत्र दाबून धरणारा एक लांब स्क्रू, स्प्रिंगसकट. दात एकही नाही. गोळ्या चकत्यांवर लोळतात आणि दोन चाकांना वेगवेगळं फिरू देतात. इंग्लंडच्या सेसिल शूमाकर यांनी १९८०च्या सुमारास खेळातल्या गाड्यांसाठी ही युक्ती बाजारात आणली, आणि त्यांच्या नावाची कंपनी तिच्यावरच उभी राहिली.

काका गाडी मांडीवर घेतात. मागची दोन्ही चाकं तळव्यांनी घट्ट धरतात आणि अंगठ्याने गिअर ढकलून बघतात. सरकत नाही. मग एक चाक कानाजवळ नेऊन हळू फिरवतात. "रेशमासारखं हवं. कर्रकर्र आलं की चकत्यांवर चर पडलाय समजायचं. मग उलटून टाकायच्या, नाहीतर बारीक पॉलिश पेपरवर घासायच्या." तरुण मंडळी गोळ्यांच्या डिफला आता फार विचारत नाहीत; ते जपावं लागतं, स्क्रू सैल राहिला तर एका दुपारीच जळतं. काकांना जपणं आवडतं. ओल्या मुरमावर त्यांची गाडी वळणात शिरते तेव्हा मागचा भाग जरासुद्धा हिसका देत नाही. वेग मात्र पोराच्या बग्गीच्या निम्मासुद्धा नसेल.

पलीकडे, प्लॉटच्या हद्दीवर, पाया खणताना निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग पडलाय. दख्खनच्या लाव्ह्याचे आडवे थर याच पट्ट्यात पश्चिमेकडे वाकून खाली जातात. भूशास्त्राच्या पुस्तकांत याला पनवेल फ्लेक्शर असं या गावाचंच नाव आहे. त्या दगडांवर आठवीतली एक मुलगी आपला क्रॉलर चढवतेय. मोठी मऊ टायरं, मुंगीची चाल, आणि दोन्ही आक्सल लॉक. म्हणजे डिफच नाही, डावं-उजवं चाक कायम बरोबर फिरणार. एक चाक हवेत लटकतं, तरी दुसरं दगड पकडून गाडी वर ओढतं. तिचे बाबा मागे उभे राहून "हळू, हळू" म्हणतात, ती ऐकत नाही आणि गाडी चढते. खाली मुरमावर मात्र तीच गाडी वळवताना मुलीची दमछाक होते. आतलं चाक घासत राहतं, माती खरवडली जाते, आणि एवढीशी गाडी वळायला अख्खा रस्ता मागते. रिमोटवरून लॉक टाकता-काढता येईल असे क्रॉलरही मिळतात, ट्रॅक्सासची टीआरएक्स-४ तशी आहे. "बाबा, दहावीनंतर," ती परस्पर सांगून टाकते.

दगडांजवळ चहाचा ग्लास धरून एक गृहस्थ बराच वेळ उभे आहेत. उलव्याकडचे, वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना मामा म्हणतात. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडून भराव टाकला जात होता, तेव्हा हे टिपरवर होते. ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. मामा त्याच्या आधीच घरी बसलेत.

"आमच्या टिपरला बटन व्हता," ते मुलीला सांगतात. "डिफ लॉक. भरावात एक चाक रुतला की तोच नुसता फिरत राह्यचा, दुसरा उभाच. बटन दाबला की दोनी चाकं एका जीवाची. पण पक्क्या रस्त्याला लागला की काढायचा. इसरलास तर वळताना आक्सल बोंबलतो."

दादा फ्लेक्सवरूनच दाद देतो, "इसरलेले आमच्याकडंच यायचे."

मामांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते पोराच्या पुस्तकात पानभर आहे. साधं डिफ दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात किंवा हवेत असेल, तर त्याला फिरायला जोर लागतच नाही, आणि दुसऱ्याच्याही वाट्याला तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच येत नाही. लॉक टाकलं की ही अडचण संपते आणि वळण्याची सुरू होते. दगड, मुरूम, डांबर हे तिन्ही एकाच सेटिंगवर खूश होत नाहीत. तेलाच्या त्या बाटल्या म्हणजे मोकळं आणि लॉक या दोन टोकांमधल्या पायऱ्या.

दहा वाजून गेलेत. ऊन पाठीत बसायला लागलंय. दव केव्हाच उडालंय आणि ट्रॅकवर पिवळट भुकटी सुटलीय. कॅनने पाणी मारून झालं, पण मुरूम ते पिऊन पुन्हा कोरडा. आता बग्गी सात-दहा-पाचवर आहे.

सरळ पट्ट्यावरचा फरक डोळ्यांनी दिसतो. पुढची टायरं फुगत नाहीत, चारही चाकांमागे धुळीच्या रेघा उठतात आणि गाडी गोफणीतून सुटल्यासारखी जाते. क्रिकेटवाले खेळ थांबवून बघतात. पोरगा खूश. पण अर्ध्या वर्तुळाचं वळण येतं, तो वळणाच्या मधोमध ट्रिगर ओढतो, आणि मागचा भाग बाहेर सटकतो. गाडी गर्रकन फिरून उलट्या तोंडाने उभी. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ती नळीवरून उडून थेट मिडविकेटला जाते, आणि फील्डर ती उचलून "कॅच!" म्हणून ओरडतो.

फ्लेक्सवर सभा भरते. पोराचं म्हणणं, मधलं सातवर आणू. काकांचं म्हणणं, मधल्याला हात लावू नका, सरळ पट्ट्यावर जे मिळालंय ते जाईल. मागचं पाचावरून तीनवर घ्या. मागचं सैल झालं की वळणात दोन्ही चाकं आपापल्या वेगाने फिरतील, मागची पकड राहील. आता ती एकमेकांना ओढतात, म्हणून दोन्ही एकदम सुटतात. दादा मान हलवतो, पण किंमतही सांगतो. "तीन केलंस तर वळणातून निघताना आतलं चाक थोडं फुकट फिरणार. थोडी ताकद वाया जाईल. चालेल?"

"आणि पुढचं?" पोरगा विचारतो.

"सातवर राहू दे. पाच केलंस तर वळणात जास्त घुसेल. पुढचं जास्त घुसलं की मागचं आणखी बाहेर येतं. तुला आत्ता तेच नकोय ना?"

एवढ्यात मामा ग्लास खाली ठेवतात. "जरा बघू."

पोरगा रिमोट देतो. मामांनी असा रिमोट कधी हातात धरलेला नाही. ट्रिगर पुढे-मागे करून बघतात, चक्री डावी-उजवी फिरवून पुढच्या चाकांकडे बघतात आणि गाडी सोडतात. पहिल्या फेरीत नळीला दोनदा घासतात. दुसऱ्या फेरीत अर्ध्या वर्तुळाच्या बऱ्याच अलीकडे त्यांचं बोट सैल पडतं. गाडीचं वजन पुढे येतं, पुढची चाकं माती पकडतात, नाक आत वळतं. मामा बोट तसंच धरून ठेवतात, आणि गाडीचं तोंड सरळ पट्ट्याच्या रेषेत आलं की मगच हळूहळू ओढतात. मागचा भाग एकदाही सटकत नाही. तेल तेच, जमीन तीच, सात-दहा-पाच.

"मामा, फिरली कशी नाही?" पोरगा विचारतो.

"वीस टन दगड पाठीवर घेऊन उतारावर वळलायस कधी? वळणात पाय द्यायचा नसतो. वळण संपल्यावर द्यायचा." मामा रिमोट परत करतात. "गाडी बरी हाय. पण मागून हलकी वाटते."

दादा हसतो. "आता बोल. तेल बदलायचं की बोट?"

पोरगा एकदा मामांकडे बघतो, एकदा वळणाकडे. मग गाडी उलटी करून मागच्या गिअरबॉक्सचे स्क्रू काढायला लागतो. काकांना ते पटतं. दादालाही पटतं. मामांचं बोट म्हणजे टिपरवरची कित्येक वर्षं आहेत, ती बाटलीतून मिळत नाहीत. ज्याचं बोट अजून घाई करतं, त्याच्या चुकीला मागच्या डिफने थोडी सवलत द्यायला हवी. बोट शिकलं की पुन्हा पाच टाकता येईल. घट्ट सेटिंगचा वेग त्या दिवशी वसूल होईल, आज तो मिडविकेटला जातोय.

मागचं डिफ बाहेर येतं. जुनं तेल पुसलं जातं. तीन हजाराचं तेल दहापेक्षा कितीतरी पातळ, धार लगेच उतरते आणि बुडबुडेही लवकर निघतात. दादा वही ओढून घेतो. पोराने आजवर प्रत्येक ओळीत तीन आकडे लिहिलेत, त्यापुढे 'भारी', 'फालतू', 'ठीक' असे शेरे. दादा पेनने दोन उभ्या रेघा मारतो. पहिल्या रकान्यावर लिहितो 'जमीन', दुसऱ्यावर 'कोण चालवतंय'. पहिल्यात पोरगा 'कोरडा मुरूम, भुकटी' असं लिहितो. दुसऱ्यात स्वतःचं नाव.

"अन् माझी ओळ?" मामा विचारतात.

पोरगा वरच्या ओळीत त्यांच्यासाठी जागा करतो: मामा, सात-दहा-पाच, भारी. मग काट्यावर डबी ठेवून वजन बघतो, झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे आवळतो आणि दादाला म्हणतो, "फिरली तर आता बोटाचीच चूक."

"फिरणारच," दादा बॅटरी जोडत म्हणतो. "पण नळीच्या आत फिरेल. चल, सोड."